बरोबर उत्तराला शून्य गुण: उपयोजित संख्याशास्त्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन अभ्यासक्रम विभाग

विषय: ‘उपयोजित संख्याशास्त्र (पदव्युत्तर स्तर)’ या अभ्यासक्रमातील चुकीचे मूल्यमापन, न मिळालेले शिकवणे आणि शुल्क परताव्याबाबत.

महोदय/महोदया,

मी कृषिविद्येत एम.एस्सी. केले असून जालन्यातील एका बियाणे कंपनीच्या चाचणी प्रक्षेत्रावर नोकरी करते. प्लॉट आखण्यापासून वेचणीची वजने भरण्यापर्यंतचे काम माझ्याकडे असते. आकडे हाती येतात, पण त्यांतून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही हे पक्के कळावे, म्हणून मी आपल्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. नोकरी सोडून पुण्याला विद्यापीठात जाणे मला शक्य नव्हते. माहितीपत्रकात ‘शेती, औषधनिर्माण आणि बँकिंगमधील प्रत्यक्ष डेटा’, ‘दर आठवड्याला प्राध्यापकांचा थेट वर्ग’ आणि ‘तज्ज्ञांकडून मूल्यमापन’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. शुल्कासाठी आपणच सुचवलेल्या वित्तसंस्थेचे कर्ज काढले असून त्याचा हप्ता दरमहा माझ्या पगारातून जातो.

माझी मुख्य तक्रार ‘प्रयोगांची रचना’ या घटकाच्या स्वाध्यायाबद्दल आहे. आपल्या मदत कक्षाने ती दोनदा ‘गुणांबाबतची शंका’ म्हणून बंद केली. प्रश्न गुणांचा नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

स्वाध्यायात कापसाच्या प्रयोगाचा डेटा दिला होता. ठिबकच्या पाण्याच्या तीन पातळ्या, नत्राच्या चार मात्रा आणि चार रेप्लिकेशन (पूर्ण प्रयोगाच्या चार पुनरावृत्त्या), म्हणजे एकूण ४८ प्लॉट. प्रत्येक रेप्लिकेशनमध्ये पाण्याची पातळी आखलेल्या पट्ट्यांना चिठ्ठ्या टाकून दिली आणि पट्ट्यातल्या चार प्लॉटना नत्राच्या मात्रा वेगळ्या चिठ्ठ्या टाकून दिल्या, असे प्रश्नातच म्हटले आहे. हा उघड स्प्लिट प्लॉट आहे, म्हणजे एक घटक मोठ्या पट्ट्याला आणि दुसरा त्यातल्या लहान प्लॉटना देण्याची रचना. शेतात तो असाच करावा लागतो, कारण ठिबकचा व्हॉल्व्ह एका पट्ट्याला एकच असतो. तो उघडला की त्या पट्ट्यातल्या सगळ्या प्लॉटना सारखेच पाणी जाते. नत्र मात्र हाताने मोजून प्रत्येक प्लॉटला वेगळे देता येते. त्यामुळे नत्राची चाचणी ४८ प्लॉटवर झाली, पण पाण्याची चाचणी फक्त १२ पट्ट्यांवर झाली. एका पट्ट्यातले प्लॉट एकमेकांसारखे असतात. पट्टा नाल्याच्या बाजूला पडला, तर त्यातले चारही प्लॉट ओल धरून राहतात. त्यांना पाण्याबद्दलचे चार स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही.

म्हणूनच स्प्लिट प्लॉटच्या अनोव्हात (एकूण चढउताराचे कारणांनुसार भाग पाडणाऱ्या विश्लेषणात) दोन एरर, म्हणजे योगायोगाने येणाऱ्या चढउताराचे दोन अंदाज, असतात. पाण्याचा फरक पट्ट्यांमधल्या एररशी ताडून पाहायचा, त्याला डिग्री ऑफ फ्रीडम (अंदाजामागच्या स्वतंत्र तुलनांची संख्या) ६. नत्राचा फरक प्लॉटमधल्या एररशी, त्याला २७. मी तसेच केले. पाण्याचे मीन स्क्वेअर (चढउताराचे माप) ९० आले आणि पट्ट्यांच्या एररचे ३०, म्हणजे त्यांचे गुणोत्तर एफ ३. पाच टक्क्यांच्या पातळीवर २ आणि ६ डिग्रीसाठी तक्त्यातला एफ ५.१४ आहे; फरक सिद्ध व्हायला निदान तेवढा एफ लागतो. पी-व्हॅल्यू, म्हणजे फरक मुळात नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.१२५. मी निष्कर्ष लिहिला की या प्रयोगातून पाण्याच्या पातळ्यांमधला फरक सिद्ध होत नाही. फरक नाहीच असेही म्हणता येत नाही, कारण १२ पट्ट्यांवर तो पकडण्याची ताकदच कमी आहे. पुढच्या हंगामात रेप्लिकेशन वाढवावेत.

या भागाला शून्य गुण मिळाले. आपल्या आदर्श उत्तरात दोन्ही एरर एकत्र करून एकच एरर धरला आहे, डिग्री ऑफ फ्रीडम ३३. प्लॉटच्या एररचे मीन स्क्वेअर १० होते, त्यामुळे एकत्र एरर १३.६४ येतो, एफ ६.६ होतो आणि पी-व्हॅल्यू ०.००४ वर उतरते. मग उत्तर म्हणते, ‘पाण्याच्या पातळीचा उत्पादनावर अत्यंत लक्षणीय परिणाम’. डेटा एकच, पण एका उत्तरात ०.१२५ आणि दुसऱ्यात ०.००४. हा फरक निव्वळ चुकीच्या एररने भागल्यामुळे आला आहे.

हे कोणा एकाचे मत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवर आर. ए. फिशर यांनी १९२० च्या दशकात ज्या कामातून प्रयोगांच्या रचनेचे शास्त्र उभे केले, त्यातच चिठ्ठ्या ज्या एककावर टाकल्या त्याच एककाच्या एररशी तुलना करायची हे तत्त्व आहे. आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे व्ही. जी. पानसे आणि पी. व्ही. सुखात्मे यांचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली काढले. स्प्लिट प्लॉटचे विश्लेषण त्यात उदाहरणासह दिलेले आहे. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. त्यांच्याच महाराष्ट्रात राहून कापसाच्या प्रयोगाचे चुकीचे उत्तर मला पदव्युत्तर स्तरावर बरोबर म्हणून शिकावे लागावे, याचे मला फार वाईट वाटते.

पुनर्मूल्यांकनाच्या विनंतीवर आलेला अभिप्राय तर त्याहून गंभीर आहे. तो शब्दशः असा: ‘निष्कर्ष संदिग्ध आहे. पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त असल्यास परिणाम शून्य असल्याचे सिद्ध होते.’ पुरावा अपुरा असणे आणि परिणाम नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूबद्दल जे जाहीर निवेदन काढले, त्यात मोठ्या पी-व्हॅल्यूवरून परिणाम नाही असा अर्थ काढू नये हे सांगितलेले आहे. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवायची ही गोष्ट आहे. मूल्यमापन करणाऱ्यालाच ती माहीत नसेल, तर त्याच्या हातून तपासलेल्या बाकीच्या स्वाध्यायांचे काय?

मला नेमून दिलेल्या मार्गदर्शकांशी मी फोनवर बोलले. आपले शिक्षण डेटा सायन्सचे असून स्प्लिट प्लॉट आपण कधी शिकलो नाही, आदर्श उत्तराशी ताडून गुण देण्याच्या सूचना आहेत, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्यांना तो विषय शिकवलेला नाही त्यांच्याकडे तो तपासायला देणे, ही आपल्या कंपनीची चूक आहे.

आमच्या कामात अशा उत्तरांचा शेवट शेतकऱ्यापाशी होतो. ०.००४ चा आकडा अहवालात गेला की ‘ठिबकची ही पातळी ठेवा’ अशी शिफारस निघते. त्या शिफारशीवर कोणीतरी पंप जास्त वेळ चालवतो, विहिरीतले पाणी खर्च करतो. जालन्यासारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात त्या पाण्याची किंमत काय असते हे मी येथे सांगायला नको.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात लिहिते. संभाव्यतेचा घटक शिकवणाऱ्या प्राध्यापिकांची ध्वनिचित्रफीत उत्तम होती. त्या एका घटकाने मला खूप दिले, हे नमूद करणे योग्य वाटते. पण थेट वर्ग पहिल्या सत्रानंतर बंद झाले आणि त्यांच्या जागी जुन्या बॅचचे रेकॉर्डिंग आले. ‘प्रत्यक्ष डेटा’ म्हणून जवळजवळ प्रत्येक घटकात टायटॅनिक जहाजाचे प्रवासी आणि आयरिसची फुले दिली आहेत. आयरिसचा डेटा फिशर यांनी १९३६ साली वापरलेला आहे आणि तो नेटवर फुकट मिळतो. नमुना निवडीच्या घटकात स्तरीकरण (आधी गट पाडून प्रत्येक गटातून नमुना घेणे) एका स्लाइडवर उरकले आहे. पीकविम्याच्या पीक कापणी प्रयोगांपासून १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीपर्यंत उदाहरणांची आपल्या देशात कमतरता नव्हती. सरावासाठी दिलेले आर सॉफ्टवेअर मुक्त आहे, त्यासाठी शुल्क लागत नाही. शुल्क आम्ही भरतो ते शिकवणाऱ्या माणसाच्या वेळेसाठी.

प्रवेशाच्या वेळी आपल्या समुपदेशकांनी फोनवर हे प्रमाणपत्र ‘एम.एस्सी.च्या बरोबरीचे’ असल्याचे सांगितले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन पदवी देण्याचा अधिकार परवानगी मिळालेल्या उच्च शिक्षणसंस्थांनाच आहे. माझ्या प्रमाणपत्रावर कोणत्या संस्थेचे नाव असेल आणि ती पदवी आहे की केवळ कंपनीचे प्रमाणपत्र, हे मला लेखी हवे आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. माझा स्वाध्याय प्रयोगांची रचना शिकवणाऱ्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडून पुन्हा तपासून घ्यावा. आदर्श उत्तर मागे घेऊन दुरुस्त उत्तर या बॅचच्या सर्व विद्यार्थ्यांना पाठवावे आणि ज्यांचे गुण त्यामुळे कापले गेले त्यांचे परत द्यावेत. ही मागणी माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. न झालेल्या थेट वर्गांच्या प्रमाणात शुल्क परत करून ती रक्कम थेट कर्जखात्यात जमा करावी. उरलेल्या सत्रात कोण शिकवणार आणि कोण तपासणार, त्यांच्या पात्रतेसह कळवावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. मदत कक्षाचे साचेबद्ध उत्तर पुन्हा पाठवू नये. ज्यांना अनोव्हाचा तक्ता वाचता येतो अशा व्यक्तीने माझ्याशी बोलावे, मी त्यांना वेळ द्यायला तयार आहे.

आपली,
अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी, जालना

सोबत: माझ्या स्वाध्यायाची प्रत, आदर्श उत्तर, मूल्यमापनाचा अभिप्राय, माहितीपत्रकाचे पान आणि शुल्काच्या पावत्या.