सुमे, चौकट अजून बसवू नकोस

प्रिय सुमे,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही, आणि आज लिहितेय तेही दाराबद्दल. नंतर हवी तेवढी रागाव, पण आधी एक कर. उद्या गवंडी आला तर त्याला परत पाठव.

तुझा फोटो मोठा करून पाहिला. चौकट देखणी आहे. पण तू लिहिलेलं 900 हे माप बाहेरून बाहेर आहे. दोन्ही उभ्या बाजू 65 मिमीच्या, म्हणजे आत उरले 770. दार काटकोनात उघडलं की फळीची जाडी आणखी वीस-पंचवीस मिमी खाते. जायला वाट राहिली साधारण 745. आईंची चाकाची खुर्ची 650 ची असेल, तर चाक फिरवणाऱ्या हातांना दोन्हीकडे पन्नासही मिळत नाहीत. रोज बोटांची सालं निघतील गं. चौकट बाहेरून 1000 घे, वाट 845 ची होते. त्यासाठी भिंतीतली जागा 1020 लागेल, दोन्हीकडे दहा-दहा मिमी ढिलाई धरून. भिंत फोडण्याआधी लिंटेल, म्हणजे दारावरची भिंत पेलणारी आडवी तुळई, किती लांब आहे ते मोजायला सांग. जागा वाढवल्यावरही तो दोन्ही टोकांना निदान 150 मिमी भिंतीवर टेकलेला राहायला हवा. तेवढा टेकत नसेल तर भिंतीला हात लावू नका. मग बारीक बाजूंची लोखंडी चौकट घ्यायची, किंवा उघडल्यावर फळीला वाटेतून पूर्ण बाजूला नेणाऱ्या बिजागऱ्या लावायच्या.

गुडघा बरा आहे. किरणच्या निकालाचं कळलं, त्याला माझ्याकडून शाबासकी सांग. तुझ्या नव्या कामाबद्दल सविस्तर विचारायचंय, पण पुढच्या पत्रात. आत्ता डोक्यात दार आहे.

फोटोत दुसरं दिसलं ते असं, की चौकटीच्या पायांशी ठोकलेली आडवी पट्टी कुणीतरी काढून टाकली आहे. खुर्चीसाठी उंबरठा नको म्हणालीस, ते बरोबरच. पण उंबरठा नसला की खालचे पाय मोकळे राहतात आणि उचल-ठेव करताना आत-बाहेर सरकतात. वरचं आणि खालचं आतलं माप सारखं करून पट्टी पुन्हा ठोकून घे, चौकट पक्की होईपर्यंत काढायची नाही. मध्यावरही एक आडवा टेकू दे. भिंतीच्या फटीत फोम भरणार असतील तर तो फुगताना बाजू आत ढकलतो, आणि मग दार मधोमध अडकतं. आणि नुसत्या फोमवर चौकट उभी राहत नाही. प्रत्येक बाजूला निदान तीन ठिकाणी अँकर स्क्रू हवेत, भिंतीच्या आत 50 ते 60 मिमी गेलेले. स्क्रूच्या जागी चौकट आणि भिंत यांच्यामध्ये पाचर नसेल, तर स्क्रू आवळताच लाकूड भिंतीकडे वाकतं. भिंतीला लागणारी बाजू आणि पायांची टोकं आधीच प्रायमर लावून बंद कर, लाकूड पाणी पितं ते तिथूनच.

सुतार दोन्ही कर्ण मोजेल आणि सारखे आले की खूश होईल. तेवढ्यावर सोडू नकोस. कर्ण सारखे असूनही चौकटीला पीळ असू शकतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणून बांध. मध्ये ते एकमेकांना जेमतेम टेकले तर चौकट एका पातळीत आहे. त्यांच्यात फट दिसली, किंवा एक दोरा दुसऱ्याला रेटत असला, तर पुढे फळी वर टेकेल आणि खाली उघडी राहील, आणि ते रंधा मारून सुटत नाही. ओळंबा दोन्ही दिशांनी धरायचा. आठवतं ना, खोलीवरचं दार रात्री आपोआप उघडायचं? तू म्हणायचीस वारा, मी म्हणायचे ओळंबा, आणि माई म्हणायच्या भूत. आठवडाभर आपण बोललो नव्हतो त्यावरून. सुमे, तो ओळंबाच होता! बिजागरीची बाजू कलली की दार स्वतःच्या वजनाने फिरतं.

फळीचं म्हणशील तर भाऊजींना नक्षी हवी आहे, असू दे. पण सलग रुंद फळ्या चिकटवून केलेलं दार नको. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पॅनेलचं दार घे, 35 मिमीचं, आणि पॅनेल खाचेत डिंकाशिवाय सैल बसवलेलं असावं, म्हणजे फुगायला जागा राहते. फ्लश डोअर, म्हणजे दोन्हीकडून सपाट दार, घेतलंस तर भरीव गाभ्याचं, पाण्याला टिकणाऱ्या डिंकाचं. बाहेरच्या अंगाला सनमायका लावलास तर आतूनही लाव, नाहीतर दोन्ही अंगं ओल सारखी घेत नाहीत आणि फळी वाकते. पॉलिश सहाही बाजूंना. खालची कड हमखास राहते, कारण तोवर दार टांगून झालेलं असतं.

टांगताना वर आणि बाजूंना 3 मिमी फट, खाली 5 ते 6. ही खालची फट फरशी झाल्यानंतरच्या पातळीपासून धरायची, आत्ताच्या काँक्रीटपासून नव्हे. फळी चाळीस किलोच्या आसपास भरेल, तेव्हा बिजागऱ्या 100 मिमीच्या चार. जास्त ओढ वरचीला बसते, म्हणून दुसरी तिच्या जवळ. आधी प्रत्येकीत एकच स्क्रू घालून दार फिरवून बघा, मग बाकीचे. दार मिटताना उसळी मारून मागे येत असेल तर बिजागरीची खाच खोल गेली आहे, मागे पुठ्ठ्याचा तुकडा घातला की सरळ होतं.

कुलूप मधल्या आडव्या पट्टीच्या सांध्यावर नको. तिथे खाच मारली की सांधाच कापला जातो. हात खाली दाबून उघडणारं हँडल घे, गोल मूठ आईंच्या बोटांना फिरणार नाही. आणि बघायची काच दोन ठिकाणी कर, एक तुझ्यासाठी आणि एक 1150 मिमीवर, बसल्या जागी आईंच्या डोळ्यांशी येईल अशी. बेल वाजल्यावर कोण आलंय ते त्यांना विचारावं लागू नये.

लिंटेलचं माप आणि दोऱ्यांचं काय झालं ते रात्री कळव. कितीही उशीर झाला तरी मी जागी आहे.

तुझीच,
मालू