केसपेपरवर जंताचं नाव लिहा, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नोंदी सांभाळतो. केसपेपरवरचं निदान वाचायचं आणि आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला (आयसीडी-१०) त्याचा कोड कॉम्प्युटरवर टाकायचा. कारखाने बंद होऊन ऊसतोड मजूर गावी परतले की एखादी माय कॅरीबॅगमध्ये जंत बांधून आणते. पोराच्या परसाकडला पडलेला, वीतभर, पांढरट-गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता. बघणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही, हा गोल जंत. तरी केसपेपरवर येतं ‘पोटदुखी’. अल्बेंडाझोल ही जंताची गोळी देतात, पुढचा नंबर. मी टाकतो आर १०, म्हणजे पोटदुखी. गोल जंताचा स्वतःचा कोड आहे, बी ७७. नुसतं ‘जंत’ लिहिलं तर बी ८२.०, म्हणजे कोणता ते माहीत नाही.

डॉक्टरांचंही खरं आहे म्हणा. ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते आणि गोळी तर एकच. पण त्या एका गोळीला गोल जंत जितका दाद देतो तितका चाबूकजंत ही दुसरी जात देत नाही. हुकवर्म हा तिसरा जंत रक्त पितो, तिथं हिमोग्लोबिनही बघावं लागतं. ओळखायला लागतं काय? संडासाचा नमुना, काचपट्टी, सलाईनचा थेंब, मायक्रोस्कोप. गोल जंताची मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. तपकिरी, खडबडीत कवचाची ती अंडी सरावलेल्या नजरेला चटकन सापडतात. मात्र लागण झाल्यावर दोन-तीन महिने अंडी दिसत नाहीत. सुरुवातीला अळ्या फुफ्फुसातून जातात, पोर खोकतं आणि तपासणी ‘नॉर्मल’ येते.

ऑपरेशनच्या फायली बघून तर चीड येते. जंतांच्या गुंत्यानं आतडं तुंबतं, सर्जन जंत बाहेर काढतात आणि डिस्चार्ज कार्डावर उरतं फक्त ‘आतड्यात अडथळा’, के ५६. नेमका ह्याचसाठी बी ७७.० आहे.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी मिळते. फेब्रुवारीच्या फेरीला आमची कितीतरी पोरं उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत असतात. परतल्यावर त्यांच्या पोटात काय आहे, हे मुंबईत बसून तुम्हाला फक्त आमच्या कोडांवरून कळणार. आज कळतं ते एवढंच, की बीडच्या पोरांचं पोट दुखतं.

तेव्हा मे-जूनमध्ये परतलेल्या मुलांची संडास तपासणी लावा. जंत दिसला असताना ‘पोटदुखी’ लिहिलेला केसपेपर डॉक्टरांकडे परत पाठवायची मुभा आम्हाला लेखी द्या. आणि लॅब टेक्निशियन नाही तिथं आधी तो नेमा, नाहीतर नमुना तपासणार कोण?

आपला,
नोंदी सांभाळणारा एक कर्मचारी, जि. बीड