उठून गेलेल्या प्रेक्षकांना नावं ठेवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेल्या आठवड्यात 'असले विकृत सिनेमे पुण्यात दाखवताच कशाला' असं एक पत्र आलं होतं आणि त्याला उत्तर म्हणून परवा दुसऱ्या वाचकाने लिहिलं की ज्यांना झेपत नाही त्यांनी घरी बसून सिरियल बघाव्यात. दोन्ही पत्रं 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'च्या शोबद्दल होती, इथल्याच एका फिल्म क्लबने ठेवला होता, मी पण होते तिथे म्हणून लिहितेय. मला दोघांचंही पटलं नाही, पण दुसऱ्यांचं जास्त लागलं.

आधी एक दुरुस्ती. पहिल्या पत्रात म्हटलंय की खुद्द इंग्लंडमध्ये या पिक्चरवर सरकारी बंदी होती. तसं नाहीये हो. १९७१ साली तिथल्या सेन्सॉरने एकही कट न देता 'एक्स' सर्टिफिकेट देऊन तो पास केला, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. काही गावांच्या कौन्सिलांनी आपल्या हद्दीत लावू दिला नाही हे खरं. पण १९७३ मध्ये तो तिथल्या थिएटरांतून गेला तो दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकच्याच सांगण्यावरून. अमक्या पोरांनी पिक्चर बघून मारामारी केली अशा बातम्या पेपरांतून येत होत्या, त्यात घरच्यांना धमक्या यायला लागल्या, तेव्हा त्याने कंपनीला सांगून तो काढून घेतला आणि जिवंत असेपर्यंत तिथे परत लावू दिला नाही. १९९९ ला तो वारला, २००० मध्ये पिक्चर परत लागला. सरकारने बंद करणं वेगळं आणि बनवणाऱ्याने स्वतः मागे घेणं वेगळं, एवढं तरी वाद घालताना माहीत पाहिजे.

आणि 'पुण्याच्या संस्कृतीला शोभत नाही' म्हणाल तर याच पुण्यात १९७२ साली भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, केवढा गदारोळ झाला, नाटक करणाऱ्या संस्थेनेच प्रयोग थांबवले, मग त्या मंडळींनी थिएटर अकॅडमी काढली आणि ते नाटक पार युरोपात नेऊन दाखवलं. त्यामुळे संस्कृतीचं राहू द्या.

आता उठून जाणाऱ्यांबद्दल. बरेच जण उठले ते त्या घरात घुसण्याच्या सीनला. रात्रीची बेल वाजते, अपघात झालाय, जरा फोन करू द्या असं सांगून चार पोरं मुखवटे घालून आत शिरतात, लेखकाला जमिनीवर पाडून लाथा घालतात आणि त्याच्या डोळ्यादेखत त्याच्या बायकोवर हात टाकतात, आणि त्यातला म्होरक्या अ‍ॅलेक्स हे सगळं एक जुनं आनंदी गाणं म्हणत, नाचत करतो. त्या गाण्यानेच जास्त हादरायला होतं. माझ्या रांगेतल्या दोन मुली उठल्या, एकीने तोंडावर ओढणी धरली होती, पाय वाचवत अंधारात बाहेर पडत होत्या तर मागून आवाज आला, 'चला, आता नीट दिसेल', आणि चक्क हशा पिकला. नंतरच्या चर्चेत एकाने माइक घेऊन सांगितलं की अशा लोकांनी सिनेमाला येऊच नये, त्यावर टाळ्या. मला फार वाईट वाटलं.

अहो, हा पिक्चर ज्या कादंबरीवरून केलाय ती लिहिणाऱ्या अँथनी बर्जेसच्या स्वतःच्या बायकोवर दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, सैनिकांनी हल्ला केला होता. तो सीन तिथून आलाय, त्याने स्वतः सांगितलंय. म्हणजे हे लिहिणाऱ्यालाही ते सोपं नव्हतं. शिवाय १९६२ च्या त्या पुस्तकात पोरांची एक बनवलेली भाषा आहे, रशियन शब्द मोडून केलेली, ती उलगडत वाचावं लागतं त्यामुळे मारहाण थोडी पडद्याआड राहते, आणि नकोसं झालं की आपण पुस्तक मिटून ठेवू शकतो. पडद्यावर तसलं काही नाही, सगळं समोर आणि दिग्दर्शकाच्या स्पीडने. पुस्तक वाचून आलेली माणसंही गारठली ती त्यामुळे.

आणि याच पिक्चरच्या उत्तरार्धात काय आहे बघा. अ‍ॅलेक्सला सुधारायचं म्हणून खुर्चीला बांधतात, पापण्या चिमट्यांनी उघड्या ठेवतात, शेजारी एक माणूस डोळ्यांत सारखे थेंब घालत बसतो आणि मारहाणीच्या फिल्म्स दाखवत राहतात. तो ओरडतोय बंद करा, बंद करा, पण कोणी ऐकत नाही. शूटिंगला अ‍ॅलेक्सचं काम करणाऱ्या मालकम मॅकडॉवेलच्या डोळ्याला खरंच इजा झाली होती. ज्याला उठून जाता येत नाही असा प्रेक्षक कुब्रिकने आपल्यासमोर बसवलाय, त्याचे हाल आपण बघतो आणि लाइट लागल्यावर म्हणतो की बसायलाच पाहिजे होतं? मग नक्की काय बघितलं आपण? मी शेवटपर्यंत बसले, पण त्याचं मला काही कौतुक वाटत नाही, त्या मुलींवर पिक्चरचा परिणाम माझ्यापेक्षा कमी झाला असं कोण म्हणेल.

असे सिनेमे दाखवाच, माझं ठाम मत आहे. पण पोस्टरवर नुसतं 'क्लासिक' लिहून भागत नाही, यात बलात्कार आहे, मारहाण आहे हे दोन ओळीत साध्या मराठीत लिहा, अजिबात रसभंग होत नाही. बाहेर पडणाऱ्यांसाठी कडेच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा. आणि चर्चा घ्यायची तर धीट कोण भित्रा कोण यात वेळ घालवू नका. बोलायला कितीतरी आहे, म्हणजे पुस्तकात एकविसावं प्रकरण आहे, त्यात अ‍ॅलेक्सला स्वतःलाच या सगळ्याचा कंटाळा येतो आणि बायको-मुलाचे विचार मनात यायला लागतात. अमेरिकेतल्या आवृत्तीत ते गाळलं होतं आणि पिक्चर त्याच आवृत्तीवर बेतलाय, म्हणून शेवट इतका कडू लागतो. हे त्या दिवशी कोणी बोललंच नाही.

त्या क्लबला माझी विनंती आहे की उठून गेलेल्यांनाही पुढच्या वेळी आवर्जून बोलवा आणि का उठलात ते त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. पत्र लांबलंय, जागा नसेल तर 'घाशीराम'चं कापा, पण बंदीबद्दलची दुरुस्ती तेवढी जरूर छापा.

आपली एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे