डबस्टेप ऐकले कशावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत डबस्टेपवर, म्हणजे क्लबात नाचण्याच्या एका इलेक्ट्रॉनिक संगीतावर लेख आला आणि पुढच्या अंकात त्यावर दोन वाचकांची पत्रेही आली. मराठी वर्तमानपत्रात या विषयावर जुंपावी याचेच आधी नवल वाटले. पहिल्या पत्राचा सूर असा, की खरे डबस्टेप लंडनचे आणि ते २०१० साली अमेरिकेने संपवले. दुसऱ्यांच्या मते हा सगळाच प्रकार ड्रिल मशीनचा आवाज, त्यात जुने काय नि नवे काय! मी साउंड सिस्टीम भाड्याने देतो. त्यामुळे दोघांनाही माझा पहिला प्रश्न धंद्यातलाच आहे: तुम्ही ते ऐकले कशावर?

हे संगीत घडले दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमध्ये. तिथल्या सरी स्ट्रीटवर भाजीबाजार भरतो आणि त्याच रस्त्यावर ‘बिग ॲपल रेकॉर्ड्स’ हे तबकड्यांचे दुकान होते. हॅचा, आर्टवर्क ही डीजे, संगीतकार मंडळी तिथली. स्क्रीम आणि बेंगा तर तेव्हा मिसरूडही न फुटलेली पोरे. त्या काळी गाजत असलेल्या यूके गराज या नाचाच्या संगीतातली गाणी, झगमग, सगळे काढत काढत ही पोरे खाली उरलेल्या बेसपर्यंत, म्हणजे खर्जाच्या आवाजापर्यंत पोहोचली. २००१ मध्ये ‘फॉरवर्ड’ ही क्लबमधली रात्र सुरू झाली, पुढे ती शोरडिचच्या ‘प्लास्टिक पीपल’ या छोट्याशा तळघरात गेली. २००५ मध्ये माला, कोकी आणि लोफा या संगीतकारांनी लंडनच्याच ब्रिक्स्टनमध्ये ‘डीएमझेड’ ही अशीच रात्र सुरू केली, तीही एका चर्चच्या इमारतीत.

वेग मिनिटाला साधारण १४० ठोके. पण स्नेअर (ड्रमचा करकरीत ठोका) पडतो तो तिसऱ्या मात्रेवर, एकदाच, म्हणून अंगाला लय जाणवते ७० ची. ठाय आणि दुगुन एकाच वेळी चालू; कुठली धरून नाचायचे ते ज्याने त्याने ठरवावे. आणि तळाशी ४०-५० हर्ट्झचा गुळगुळीत, लांब सूर. आता ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत जवळजवळ सात मीटर भरते. ती हलवायला १८ इंची सब (फक्त खर्ज वाजवणारे स्पीकर) लागतात आणि त्यामागे दणकट ॲम्प. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा स्पीकर इतका खाली उतरतच नाही. त्यामुळे लोफाचा जुना ट्रॅक फोनवर लावला की उरतो स्नेअर, थोडी टिकटिक आणि मधली पोकळी. ‘यात काही घडतच नाही’ ही अनेकांची तक्रार त्यांच्या फोनपुरती शंभर टक्के खरी आहे!

शिवाय तेव्हा घरबसल्या ऐकण्याची सोय बेताचीच होती. नवा ट्रॅक विक्रीला येण्याआधी महिनोन्महिने तो मोजक्या डीजेंकडेच असे, ॲसिटेटच्या तबकडीवर कापून घेतलेला. ही रीत जमैकन साउंड सिस्टीमवाल्यांची. ॲसिटेट वाजवून वाजवून झिजते, ते जपून वापरावे लागते. रेडिओ म्हणावा तर ‘रिन्स एफएम’, आणि तेही विनापरवाना. त्यांना परवाना मिळाला २०१० मध्ये. जानेवारी २००६ मध्ये मेरी ॲन हॉब्ज यांनी बीबीसी रेडिओ वनवर ‘डबस्टेप वॉर्झ’ हा कार्यक्रम केला आणि मग कुठे हा आवाज लंडनबाहेरच्या कानांवर पडला. एरवी ज्याला ऐकायचे तो क्लबात जाऊन सबसमोर उभा राहणार. बनवणाऱ्यालाही ते ठाऊक असल्याने ट्रॅक त्या सबसाठीच बनत होता.

मग आवाज वर सरकला. पहिल्या पत्रलेखकांना इथे थोडे छेडतो, कारण तो वर सरकवायला सुरुवात इंग्रजांनीच केली. ‘डीएमझेड’च्याच कोकीने २००७ पर्यंत किंचाळणारे बेस वाजवले होते. त्याच वर्षी कॅस्पा आणि रस्को या इंग्रज डीजेंचे ‘फॅब्रिकलाइव्ह ३७’ हे मिक्स आले, त्यात ‘वॉबल’ भरपूर. वॉबल म्हणजे काय, तर सूर तोच ठेवून त्यावरचा फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारा) तालात उघडायचा-मिटायचा. त्यात डिस्टॉर्शन घातले, म्हणजे आवाज मुद्दाम फाडला, की ५० च्या वर १००, १५०, २०० असे स्वरांश तयार होतात. छोट्या स्पीकरवर मूळ ५० येत नाही, पण वरचे स्वरांश ऐकून कान खालचा सूर मनानेच भरून काढतो. छोट्या पेटीतून मोठा बेस भासवण्याची ही युक्ती आम्ही साउंडवालेही वापरतो.

ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेच्या स्क्रिलेक्सचे ‘स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स’ आले आणि २०१२ मध्ये त्याने तीन ग्रॅमी नेले. तोवर ऐकणारा कॉलेजच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसला होता, नाही तर उघड्या मैदानावरच्या फेस्टिव्हलमध्ये हजारोंत उभा होता. लॅपटॉपवर सब नाही आणि मैदानात सबला भिंतींचा आधार नाही. दोन्हीकडे चालेल असा बेस मधल्या पट्टीतच हवा, तिथेच तो गुरगुरला, बोलला, ओरडला. ‘ब्रोस्टेप’ म्हणून त्याला हिणवले गेले. मला विचाराल तर स्क्रिलेक्स कारागीर पक्का आहे. त्याचा एकेक आवाज कापून जोडलेला असतो, ढिसाळ काही नसते. वीट आला तो नकलाकारांचा. चढण, विराम, स्फोट, पुन्हा चढण, आणि सगळे इतके दाबून मोठे केलेले की दोन ठोक्यांमध्ये श्वासाला जागा नाही. सब गेल्याचे मला फारसे दुःख नाही, ते स्पीकर बदलून परत आणता येते. मधली शांतता गेली ती मात्र कुठल्याच ॲम्पने परत येत नाही.

माझ्या या स्पीकरच्या हिशेबात न बसणारा एक संगीतकार आहे: बरियल. २००७ चा त्याचा अल्बम ‘अनट्रू’, तेही त्याच लंडनचे, त्याच काळातले, पण ते मी हेडफोनवरच ऐकतो आणि तिथेच ते खुलते. तबकडीची खरखर, पावसासारखी सळसळ, ओळखू न येणारे तुटके गळे. २००८ मध्ये ब्रिटनच्या मर्क्युरी या अल्बम-पुरस्काराच्या यादीत ते होते. याला डबस्टेप म्हणावे का, यावरही लोक भांडतातच. मी म्हणतो, खुशाल म्हणावे.

दुसऱ्या पत्रलेखकांनी या संगीताची तुलना मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीशी केली आहे. त्यांचा त्रास मला कळतो, आमच्याच धंद्याने दिलेला आहे. पण त्या भिंतीत जागा कुठे असते? सगळे एकदम, सतत. आपल्याकडच्या न्यूक्लिया या संगीतकाराच्या २०१५ च्या ‘बास रानी’ अल्बममध्ये आपल्या रस्त्यावरचा ढोल-ताशा आणि हा बेस एकत्र आला, तो मला आवडतो, मात्र त्याचे नाते क्रॉयडनपेक्षा मिरवणुकीशीच जवळचे आहे.

आणि पहिल्या पत्रलेखकांसाठी एक गैरसोयीची बातमी. जानेवारी २०२३ मध्ये ‘रंबल’ हा ट्रॅक आला: स्क्रिलेक्स, इंग्लंडचा फ्रेड अगेन आणि लंडनचा ग्राइम (तिथले रॅप) एमसी फ्लोडॅन. वेग १४०, मधे मोकळी जागा, तळाला सब. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले. ज्याच्यावर डबस्टेपच्या खुनाचा आरोप, तोच माणूस पुन्हा त्या जुन्या घराच्या दारात! दुसरीकडे मालाचे ‘डीप मेडी’ हे रेकॉर्ड काढणारे लेबल २००६ पासून सुरू आहे. इंग्लंडमधल्या हमदीसारख्या तरुण पोरांनी २०२२ पासून सबवर नवी गर्दी गोळा केली आहे. अमेरिकेत ‘रिडिम’ आणि ‘टेअरआउट’ या दणदणीत उपप्रकारांवाले आपल्या ठिकाणी दणकून वाजवतात. एकाच नावाखाली दोन-तीन वेगळी बिऱ्हाडे झाली आहेत आणि प्रत्येकाकडे पाहुणे भरपूर आहेत.

राहता राहिला मूळ लेख. त्यातल्या चौकटीत ‘डबस्टेप : जन्म अमेरिका, २०१०’ असे छापले आहे. स्थळही चुकले आहे आणि सालही. पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक साउंडवाला वाचक, चिंचवड