आजी, फोनवर सांगता आलं नाही म्हणून

लुबेक, जर्मनी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आजीस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

दर रविवारी मी फोनवर ‘आजी, मी बोलतेय’ म्हणून ओरडते. तू ‘जेवलीस का?’ विचारतेस आणि माझं उत्तर ऐकू न येताच ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देतेस. म्हणजे गेलं सव्वा वर्ष माझं इथे काय चाललंय ते तुला आईने गाळून सांगितलं तेवढंच ठाऊक. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आईला वाचून दाखवू देऊ नकोस, ती पुन्हा गाळेल. दुपारी पडल्या पडल्या तूच वाच.

पहिलं म्हणजे माझी बदली झालेली नाही. बदली ही गल्लीत सांगण्यापुरती गोष्ट आहे. मी नोकरी सोडली, ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपणहून. एका मोठ्या कंपनीची बिलं बरोबर निघतात का हे तपासणारं सॉफ्टवेअर मी तपासत होते. हे वाक्य तुला कळलं नाही तरी चालेल, तीन वर्षं त्याच खुर्चीत बसून मलाही ते नीट कळलं नव्हतं. पगार चांगला होता. छळ वगैरे कुणी केला नाही. पण रविवारी दुपार कलली की पोटात गोळा यायचा, आणि शेवटी शेवटी तो शनिवारीच यायला लागला. माझे अहवाल कुणी उघडत नाही हे मला एकदा कळलं, कारण एका अहवालात चुकून तुझी पुरणपोळीची कृती चिकटवली गेली होती आणि महिनाभर कुणी काही बोललं नाही. हसू नकोस. मी त्या दिवशी घरी येऊन रडले.

सोडल्यावर काय, हे काहीच ठरवलं नव्हतं. बाबा त्यावरूनच चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. इथे आपणहून नोकरी सोडली की बेकारीभत्ता पहिले १२ आठवडे मिळत नाही. शिवाय माझा इथला परवाना नोकरीला बांधलेला, त्यामुळे परदेशी लोकांच्या कचेरीला लगेच कळवावं लागलं आणि दुसरं काही शोधायला मोजके महिने हातात आले. त्यात हॅनोव्हरचा हिवाळा. सकाळी उठून अर्ज पाठवायचे, ते पुन्हा तसल्याच खुर्च्यांसाठी, आणि उत्तर येऊ नये अशी मनात प्रार्थना करायची.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक बाई राहतात. मी त्यांना मनातल्या मनात खालच्या आजी म्हणते. त्यांनी एकदा जिन्यात अडवून विचारलं, माझ्याबरोबर कानाच्या, म्हणजे श्रवणयंत्रांच्या, दुकानात येशील का? तिथला मुलगा भराभरा बोलतो, मला कळत नाही. तू सावकाश बोलतेस. माझं जर्मन मोडकं म्हणून सावकाश, ते त्यांना सोयीचं पडलं! जर्मन आजीला जर्मन मुलाचं जर्मन समजावून सांगायला मिरजेची मुलगी गेली.

दुकान म्हणजे चष्म्याच्या दुकानासारखंच, काचा, आरसे, गुळगुळीत टेबलं. पण मागचं दार उघडं होतं. आत एक लांब बाक, वर दिवा, बारीक कानशी ओळीने मांडलेल्या, पॉलिशचा वास, आणि एक माणूस डोळ्यांजवळ धरून काहीतरी इवलंसं घासत होता. घासायचं, कानात बसवून बघायचं, काढायचं, पुन्हा दोन हात मारायचे.

आजी, मला एकदम सतारमेकर गल्ली आठवली. तू मला मंडईला नेताना तिथे थांबायचीस, आठवतं? ओळीने टांगलेले भोपळे, तुनाच्या लाकडाचा भुसा, आणि तो तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणझण, लावणारा म्हातारा. तारांखालच्या घोडीवरून कानस फिरवायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, पुन्हा कानस. मी कंटाळून हात ओढायचे आणि तू म्हणायचीस, ‘थांब, अजून बोलत नाहीये ती.’ तेव्हा तुला तारेची ती झणझण रस्त्याच्या पलीकडून ऐकू यायची.

मी त्या माणसाला विचारलं, हे शिकता येतं का. तो म्हणाला, आधी आठवडाभर येऊन फरशी पूस, मग बघू.

तर आता मी हेच शिकते आहे. श्रवणयंत्र बसवण्याचं काम इथे रीतसर धंद्यांमध्ये मोडतं, सुतार, बेकरीवाले, धुराडी साफ करणारे यांच्या पंगतीत. तीन वर्षं शिकाऊ म्हणून राहायचं: दुकानात काम, मधून मधून शाळा. शेवटी परीक्षा, माझी २०२७च्या उन्हाळ्यात. स्वतःचं दुकान काढायचं तर त्यापुढे उस्तादाची, म्हणजे ‘माइस्टर’ची, आणखी एक परीक्षा. शाळा इथे लुबेकला. सगळ्या जर्मनीतली आमच्या धंद्याची पोरं इथेच येतात, काही आठवडे वसतिगृहात राहतात आणि परत जातात. माझ्या खोलीतली मुलगी १९ वर्षांची आहे. मी २८. ती मला ‘आपल्यातली मोठी’ म्हणते, मी ऐकून घेते.

पहिल्या खेपेला आम्ही एकमेकांच्या कानांचे साचे घेतले. आधी दिवा घालून कान आतून बघायचा. मग दोरा बांधलेला इवलासा बोळा आत सरकवायचा, म्हणजे मसाला पडद्यापर्यंत जाणार नाही. मग दोन रंगांचं सिलिकॉन कणीक मळावी तसं एकत्र मळायचं आणि पिचकारीत भरून हळूहळू कानात सोडायचं. ज्याच्या कानात जातं त्याला पाण्यात बुडी मारल्यासारखं वाटतं. थोड्या वेळाने घट्ट झालं की फिरवून बाहेर काढायचं. कानाच्या नळीला दोन वळणं असतात, आजी, आणि साचा दुसऱ्या वळणाच्या पुढे गेलेला असला पाहिजे. माझा पहिला गेला नव्हता. शिकवणाऱ्या बाईंनी तो नुसता उलटा धरून मला दाखवला आणि टोपलीत टाकला. दुसरा बरा आला, पण त्यावरून केलेल्या कानात बसणाऱ्या तुकड्याची वरची कड मी घासताना जास्तच खाल्ली, आणि यंत्र लावल्यावर ते कुकरसारखं शिट्टी मारायला लागलं. वर्ग हसला. कड बसली नाही की फटीतून आवाज बाहेर येतो, तोच पुन्हा यंत्रात शिरतो, आणि शिट्टी होते.

इथे मला तुझी डबी आठवली. तपकिरीच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळून ठेवलेलं ते यंत्र. ‘कानात शिट्ट्या मारतं मेलं’ म्हणून तू चार दिवसांत काढून ठेवलंस आणि घरातल्या प्रत्येकाने तुला हट्टी म्हटलं. मीही म्हटलं. ज्याने विकलं त्याने तुझ्या कानाचं माप घेतलं नव्हतं, ऐकण्याची तपासणी केली नव्हती; पैसे घेतले, डबा हातात दिला. ते शिट्टी मारणारच होतं. तुझी चूक नव्हती.

आणखी एक. वयाने कान गेले की सगळाच आवाज बारीक होत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि स, श, फ, ख ही अक्षरं नेमकी तिथली. काना, मात्रा, वेलांटी ऐकू येते, अक्षर निसटतं. मागे मी विचारलं होतं, ‘आजी, चष्मा कुठाय?’ आणि तू म्हणालीस, ‘चकल्या डब्यात.’ आम्ही आठवडाभर तो विनोद पुरवला. आता वर्गात ऐकण्याच्या तपासणीचा आलेख पुढे आला की त्याच जागी माझं बोट थांबतं.

इथे कान तपासताना दोन आकडी संख्या ऐकवून म्हणायला लावतात. मला वाटलं होतं, यात मी बुडणार. पण जर्मन माणूस आपल्यासारखाच मोजतो: सत्तेचाळीस म्हणजे आधी सात, मग चाळीस. इंग्रजीत मोजणारे गडबडतात. पहिलीत तू पाढे घोकून घेतलेस त्याचा इथे उपयोग झाला, हे बाबांना मुद्दाम सांग.

बाबांचा राग मात्र अजून आहे. ‘इंजिनिअर होऊन दुकानात उभी राहणार’ हे ते मला म्हणत नाहीत, आईला म्हणतात, मला ऐकू येईल अशा बेताने. पैशाचं म्हणशील तर विद्यावेतन जुन्या पगाराच्या जवळपासही नाही. साठवलेलं मोडून खाते आहे. सायकलने जाते, डबा करून नेते. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने घर घेतल्याचा फोटो आला त्या रात्री झोप लागली नाही, हेही तुला सांगते. तीन वर्षांनी हा उत्साह टिकेल का, ते आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण रविवारी पोटात गोळा येत नाही. आज रविवारच आहे, उद्या सकाळी आठला वर्ग आहे, आणि मी बसून तुला पत्र लिहिते आहे.

खालच्या आजींचं यंत्र आता नीट बसलंय. इथे डॉक्टरने लिहून दिलं की साध्या यंत्राचा खर्च विमा करतो, माणसाने एका यंत्रामागे १० युरो भरायचे. पहिल्या दिवशी त्या वैतागल्या, म्हणाल्या, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा वाजल्यासारखं वाटतं. सवय व्हायला आठवडे जातात. तुलाही जातील, हे आधीच सांगून ठेवते. आणि गेलेले कान परत येणार नाहीत, हेही.

मी मे महिन्यात येते आहे. तोवर एवढं कर. आईबरोबर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन मळ काढून घे आणि तपासणीचा आलेख कागदावर घे, फोटो मला पाठवायला सांग. दादाला म्हणावं, मागून ओरडू नको, समोर येऊन सावकाश बोल. आणि आईला म्हणावं, कुकर चालू असताना आजीशी बोलूच नकोस.

मे महिन्यात आपण दोघी सतारमेकर गल्लीत जाऊ. गेल्या वर्षी आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुला कुणी सांगितलं का? मला इथे वाचून कळलं. वर्गात फोटो दाखवला, तर बाई जवारी म्हणजे काय ते विचारत अर्धा तास बसल्या.

दादाला आशीर्वाद नकोत, अभ्यास हवा. बाबांना नमस्कार.

तुझी,
चिमी

ता. क. सोबत लुबेकचं मार्झिपान पाठवते आहे. ही चक्क बदामाची वडीच आहे, फक्त वेलदोडा विसरलेली. आणि त्या डबीतल्या यंत्राचा सेल आजच काढून ठेव, आत गळला तर सगळं खराब होईल. यंत्र मात्र टाकू नकोस.