पदपथावरचे ‘जरा सरकता का?’

महोदय,
लक्ष्मी रस्त्याच्या पदपथावरून मी चाळीस वर्षे चालते आहे. पूर्वी दोघे समोरासमोर आले की एक जण खांदा तिरका करी, दुसरा ‘या, या’ म्हणे. (पुणेरी खवचटपणा तेव्हाही होता, पण तो दुकानात!) आता समोरच्याची मान मोबाइलमध्ये आणि पाठीमागे पदपथावर चढलेल्या दुचाकीचा हॉर्न. तरुणांना बोल लावणे सोपे. पण पथाऱ्या, पाट्या, लावलेल्या गाड्या यांतून उरलेल्या दीड फुटात कोण कुणाला वाट देणार? ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिनानिमित्त महापालिकेने या रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला, तेव्हा हीच माणसे थांबून बोलत होती. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर तर परवा एका मुलीने इअरफोन काढून मला म्हटले, ‘आजी, तुम्ही आधी.’

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे