स्टुडिओवाल्या काकांना, आमच्या ढोल-ताशा पथकाकडून

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

मिरवणुकीचा व्हिडिओ पथकाच्या ग्रुपवर टाकल्यापासून शाबासकी मलाच मिळतेय, म्हणून हे पत्र सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. चातुर्मासात लग्नं नसतात हे खरं, पण मे महिन्यातल्या लग्नांची कामं तुमच्या टेबलावर तशीच होती. ती बाजूला सारून तुम्ही मला एडिटिंगला खुर्ची दिलीत.

आमच्याकडचा माल म्हणजे ज्याने त्याने मोबाईल उभा धरून काढलेले तुकडे. फोनवर सरळ दिसणारे काही तुकडे कॉम्प्युटरवर चक्क आडवे झोपले होते. फोनचा सेन्सर आडवंच टिपतो, उभं धरलं की फाइलमध्ये फक्त ‘दाखवताना ९० अंश फिरव’ अशी नोंद होते आणि एखादं सॉफ्टवेअर ती नोंद वाचतच नाही, हे तुमच्याकडून कळलं.

तुकड्यांना हात लावायच्या आधी तुम्ही प्रोजेक्टचं माप बदलायला लावलंत. १९२० बाय १०८० च्या आडव्या चौकटीत उभ्या व्हिडिओच्या वाट्याला जेमतेम ६०८ पिक्सेल रुंदी येते, बाकी सगळा काळोख. शॉटकट या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्ज, व्हिडिओ मोड, नॉन-ब्रॉडकास्ट, व्हर्टिकल एचडी, संपलं काम. आमचा ध्वज काठीसकट मावला.

पण खरे उपकार आवाजाचे. टिपरू (ढोल वाजवायची काठी) ढोलाच्या पानावर पडतंय आणि ठोका मागून येतोय, हे वादकाला बघवत नाही. तुकडा सुरू होताना सगळं जुळलेलं, पुढे पुढे घसरत जायचं, ताशाच्या तर्रीत (काड्यांच्या भरभर ठोक्यांत) तर पार विचका. फोन सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो, पण रात्रीच्या अपुऱ्या उजेडात मधेच कमी करतो, आणि सॉफ्टवेअर सगळ्या सारख्या अंतराच्या धरून चालतं. तुम्ही एकेक तुकडा हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (फ्रेम सारख्या अंतराने) करून घ्यायला लावलात. मी कंटाळलो, तुम्ही नाही. नंतर हेडफोन लावून, एकेक फ्रेम सरकवत, टिपरू टेकतं तिथेच ठोका आहे ना हे स्वतः तपासलंत.

गॅलरीतून काढलेला रांगांचा तुकडा तेवढा आडवा होता. मी वर-खाली धूसर पट्टे लावणार होतो (सगळेच लावतात, आणि दिसतात भिकार). तो ४के मध्ये आहे हे तुमच्याच लक्षात आलं: २१६० च्या उंचीतून उभी पट्टी १२१५ पिक्सेल रुंद निघते, म्हणजे आपल्या १०८० रुंदीच्या चौकटीला न ताणता पुरते. मग कीफ्रेम (कुठल्या क्षणी चौकट कुठे असावी याच्या खुणा) टाकून ती पट्टी तुम्ही ताशांवरून टोलावर (ठोकून वाजवायच्या धातूच्या थाळीवर), टोलावरून ढोलांच्या रांगेवर नेलीत, आणि प्रत्येक वेळी सरकवलीत ती ठेका बदलतो तिथेच. ताशा मी वाजवतो, पण हे मला सुचलं नसतं.

पैशांचं विचारलं तर तुम्ही चहा मागवलात. बरं, तुमची हार्ड डिस्क अजून माझ्याकडेच आहे. रविवारी सरावानंतर आणून देतो, आणि काकूंनी मागितलेली मिरवणुकीची क्लिप वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलीय.

आपला,
पथकातला ताशावाला